विमा असूनही दीड लाख खिशातून का गेले, आणि मावशींच्या नवऱ्याला दारातून परत का पाठवलं?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वडील ६७ वर्षांचे. बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाच दिवस खासगी हॉस्पिटलमध्ये होते. पॉलिसी ५ लाखांची, नऊ वर्षं एकही हप्ता न चुकवलेली. पॉलिसीत खोलीच्या भाड्याला रोज ५,००० रुपयांची मर्यादा. त्या दराची खोली शिल्लक नाही असं काउंटरवर सांगितलं म्हणून ८,००० ची घेतली. न मिळणाऱ्या किरकोळ बाबी बाजूला काढल्यावर बिल ३,९०,००० रुपये, आणि कंपनीने मंजूर केले २,४३,७५०. त्याच महिन्यात तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलने ५०,००० डिपॉझिट मागितलं. तेवढे नव्हते, म्हणून रिक्षा तशीच पालिकेच्या हॉस्पिटलकडे वळवली. तुमचं विचारणं असं की विम्याचे नियम सुधारले म्हणतात, मग शहरात चार पावलांवर हॉस्पिटलं असताना हे का घडतं, पुढे काय करायचं, आणि ही पॉलिसी ठेवावी की सोडावी.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. अकरा वर्षं पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये काढली, सात वर्षं ट्रस्टच्या, आणि आता लोकांचे अडकलेले क्लेम सोडवायला मदत करते. दोन्ही प्रसंगांत नियम तुमच्या आणि मावशींच्या बाजूने होते. ते काउंटरवर कोणी सांगितले नाहीत, एवढंच घडलं. माझं सगळं म्हणणं याच गोष्टीभोवती आहे.

आधी वडिलांचा क्लेम, कारण तिथे मुदत चालू आहे.

तुमचे दोन आकडे वाचून मी पहिल्यांदा भागाकार केला. २,४३,७५० म्हणजे ३,९०,००० च्या बरोबर साडेबासष्ट टक्के. आणि ५,००० हे ८,००० च्या साडेबासष्ट टक्केच. म्हणजे कंपनीने, किंवा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या टीपीएने, खोलीचं प्रमाण काढलं आणि सगळ्या बिलाला लावून टाकलं. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. वरच्या वर्गाची खोली घेतली की पुष्कळ हॉस्पिटलांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं हेही त्या वर्गाच्या दराने वाढतं. तेवढ्यापुरतं प्रमाण लावणं समजू शकतं. पण खुब्यात बसवलेला सांधा ८,००० च्या खोलीत महाग होत नाही आणि ५,००० च्या खोलीत स्वस्त होत नाही. म्हणूनच विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली हे स्पष्ट केलं. औषधं आणि वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट आणि उपकरणं, तपासण्या यांवर असं प्रमाण लावता येत नाही. आयसीयूच्या आकारावरही नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे तर खोलीच्या भाड्यातला फरक सोडून बाकी कशावरच नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोडीवर हे लावून बघू. खोली ४०,०००. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००. इम्प्लांट १,००,०००. औषधं आणि साहित्य ६०,०००. तपासण्या ३०,०००. खोलीत रोजचे ३,००० जास्त, पाच दिवसांचे १५,०००, ते जाणारच. १,६०,००० वर साडेसदतीस टक्के कपात म्हणजे ६०,०००. एकूण ७५,०००. कंपनीने कापले १,४६,२५०. म्हणजे ७१,२५० रुपये जास्त कापलेत, आणि ते मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हॉस्पिटलने 'आमच्याकडे सर्जनची आणि थिएटरची फी सगळ्या वर्गांना सारखीच' असं लेखी दिलं, तर वरच्या ६०,००० वरही तुम्ही दावा सांगू शकता. बिलिंगमध्ये जाऊन दोन्ही वर्गांचा दरपत्रकाचा कागद मागा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका, शिक्क्यासह घ्या.

आता पत्र. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, टीपीएला नाही. टीपीए फक्त कंपनीच्या वतीने कागद हाताळतो, पैसे द्यायची जबाबदारी कंपनीची असते. पत्रात कहाणी नको. तारखा, क्लेम क्रमांक, वरची फोड, आणि एकच मागणी: कापलेल्या प्रत्येक रकमेसमोर पॉलिसीतलं कलम लिहून द्या. विमा प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे, म्हणजे एकत्रित आदेशाप्रमाणे, क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारताना कुठल्या अटीखाली नाकारला हे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' अशी व्याख्या सापडेल, म्हणजे ज्या खर्चांवर खोलीचं प्रमाण लावता येतं ते. ते पान झेरॉक्स करून पत्राला जोडा आणि ओळीखाली पेनने रेघ मारा. त्या टेबलावरचा माणूस दिवसाला अनेक फायली बघतो. त्याला नेमकी ओळ दाखवली की काम पुढे सरकतं, हा माझा अनुभव आहे.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. मर्यादा आता ५० लाखांपर्यंत आहे आणि कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तीस दिवसांत तो पाळला नाही, तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो. निकाल तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळाच राहतो. लोक लोकपालाकडे जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. सत्तर हजार गेले तर गेले, बाबा घरी आले ना, असं म्हणून फाईल माळ्यावर जाते.

डिस्चार्जच्या दिवशी 'बीपी कधीपासून आहे' अशी क्वेरी आली आणि संध्याकाळपर्यंत सगळे ताटकळले, असंही तुम्ही लिहिलंय. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, 'तुम्ही जुना आजार सांगितला नव्हता' हे कारण कंपनीला पुढे करता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाच झाली. तुमची नऊ झालीत. मोडलेल्या खुब्यासाठी बीपीचा इतिहास विचारून कोणाचंच भलं झालं नाही. त्याच सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची आहे. तीन तासांपलीकडे जो जादा आकार हॉस्पिटल लावेल तो कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या पैशातून सोसायचा आहे. तुमच्या बिलात डिस्चार्जच्या दिवसाचं पूर्ण भाडं धरलंय का ते बघा. हॉस्पिटलने मंजुरीची विनंती किती वाजता पाठवली आणि उत्तर किती वाजता आलं, हे टीपीए डेस्कच्या संगणकावर मिनिटासकट असतं. त्याची प्रत मागा.

आता जिथे खरं दुखणं आहे तिकडे येते.

खोलीचा निर्णय तुम्ही कधी घेतलात? वडील स्ट्रेचरवर कण्हत असताना, रात्री, काउंटरवर उभं राहून. समोर तीन पानी फॉर्म. त्यातल्या एका ओळीत खोलीच्या वर्गावर खूण करायची. बाजूला वॉर्डबॉय 'लवकर करा, एक्स-रेला न्यायचंय' म्हणतोय. त्या ओळीने तुमच्या बिलाचं काय होणार आहे हे त्या काउंटरवरच्या मुलीला माहीत असतं. मी अशा मुलींसोबत काम केलंय. बहुतेक मनाने चांगल्या असतात. पण 'या वर्गाची खोली घेतलीत तर तुमच्या पॉलिसीत अंदाजे एवढी कपात होईल' हे सांगणं त्यांच्या कामात धरलेलं नाही आणि सांगायला कोणी शिकवलेलंही नाही. विमा कंपनी म्हणते, आम्ही ग्राहक माहितीपत्रकात लिहिलंय. हॉस्पिटल म्हणतं, पॉलिसी तुमची, अटी तुम्हाला ठाऊक हव्यात.

हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, कारण दोघांना एकत्र जाब विचारणारं कोणी नाही. विमा प्राधिकरणाचा अधिकार कंपन्यांवर चालतो, हॉस्पिटलांवर नाही. हॉस्पिटलं राज्याच्या कायद्याखाली येतात. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, हे मी मनापासून चांगलं मानते. ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे, रुग्णहक्कांची सनद लावायची, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, तक्रारीसाठी पालिकेत किंवा जिल्हा पातळीवर कक्ष हवा. पण दर लावायचा म्हणजे फक्त दाखवायचा, किती असावा यावर बंधन नाही. आणि अंमलबजावणी पालिकेच्या ज्या आरोग्य अधिकाऱ्याने करायची, त्याच्याकडे डेंग्यू, लसीकरण, जन्ममृत्यूचे दाखले सगळंच असतं.

परिणाम असा की एकाच ऑपरेशनचे एकाच इमारतीत तीन दर असतात: रोख भरणाऱ्याचा, कॅशलेसवाल्याचा, आणि सरकारी योजनेचा. योजनेचा सर्वांत कमी. त्या दरात भागत नाही म्हणून अनेक खासगी हॉस्पिटलं योजनेत येतच नाहीत, किंवा येतात आणि 'योजनेचे बेड भरलेत' म्हणतात. त्यांचं म्हणणं सगळं खोटं नाही. काही पॅकेजचे दर खरोखर तोकडे आहेत आणि पैसे उशिरा येतात. ट्रस्टमध्ये असताना अकाउंट्सवाल्यांच्या पाठपुराव्याच्या फायली मी स्वतः पाहिल्यात. पण ही रक्कम कमी पडते म्हणून दारातल्या माणसाला 'बेड नाही' असं सांगणं, याला मी कधीच हो म्हणू शकले नाही.

आणि इथे मावशींची गोष्ट येते.

तुम्ही म्हणता, त्यांचा नवरा कंत्राटदाराकडे सिक्युरिटी गार्ड, महिना १४,०००, मावशींचे चार घरचे मिळून ९,०००, केशरी रेशनकार्ड. एवढ्या माहितीवर मला त्यांच्यासाठी तीन दारं दिसतात, आणि तिन्हींबद्दल त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

पहिलं दार ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, हा विमा लागू होतो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. १४,००० च्या पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये. नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर १०५ रुपयांची कपात दिसते का ते मावशींना बघायला सांगा. दिसत असेल तर त्यांचा विमा क्रमांक असला पाहिजे. क्रमांक कंत्राटदाराने दिलाच नसेल, तर पैसे कापून भरलेत का, हा प्रश्न ईएसआयसीच्या शाखेत विचारायचा. कपातच नसेल, तर पात्र माणसाला बाहेर ठेवलंय, आणि तीही तक्रार होते. आपल्याकडे आरोग्य सुरक्षेवर बोलताना ईएसआयसीचं नाव फार थोडे लोक घेतात. पण रांगा, अपुरे डॉक्टर हे सगळं धरूनही, बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्यांपासून ऑपरेशनपर्यंत, कामगारासोबत त्याच्या कुटुंबालाही सामावून घेणारा हा विमा आहे. तुमच्या ५ लाखांच्या पॉलिसीत बीपीची एक गोळीही मिळत नाही.

दुसरं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. आता केंद्राच्या आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं, ते ५ लाख झालं, आणि पिवळं-केशरीच काय, पांढरं रेशनकार्डही आता चालतं. हृदयाची अँजिओप्लास्टी उपचारांच्या यादीत आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. तातडीच्या केसमध्ये फोनवर कळवून उपचार सुरू करायचे आणि कागद मागाहून द्यायचे, अशी सोय आहे. हेल्पलाईन १५५३८८. पण ते ट्रस्टचं हॉस्पिटल या योजनेत होतं का, हृदयाच्या उपचारासाठी होतं का, हे रिक्षात बसलेल्या माणसाला कसं कळणार? अँब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही कळत नाही. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. छातीत कळ येत असताना हे शोधत बसणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

तिसरं दार तेच, जिथून ते परत फिरले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. मावशींच्या घरचं महिन्याला २३,०००, वर्षाचं २,७६,०००. म्हणजे दुर्बल घटक, निम्म्या दराचे हक्कदार. यासाठी हॉस्पिटल इतर सगळ्या रुग्णांच्या बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. म्हणजे तुमच्या वडिलांसारखे रुग्ण अशा हॉस्पिटलमध्ये बिल भरतात, तेव्हा त्यातले दोन टक्के मावशींच्या नवऱ्यासारख्यांसाठी जमा होतात. आणि इमर्जन्सीत तर उत्पन्नाचा प्रश्नही नंतरचा. जीव वाचवण्याचे उपचार लगेच सुरू करायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत करायचे, पुढे गरज पडली तर सरकारी हॉस्पिटलला न्यायची व्यवस्थाही त्याच हॉस्पिटलने करायची. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८९ मध्येच, परमानंद कटारा खटल्यात, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य ठरवलंय, सरकारी असो वा खासगी.

ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी असताना हे रोज जवळून पाहिलं. आमच्या लॉबीत 'निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा' असा बोर्ड होता. तो एका मोठ्या कुंडीच्या मागे होता. मी दोनदा कुंडी हलवली, दोनदा ती परत जागेवर आली. माझं टेबल तळमजल्याच्या टोकाला, वेळ नऊ ते पाच. छातीत दुखणं आणि अपघात पाचनंतर बंद होत नाहीत. एकदा सकाळी येऊन बघते तर एक बाई माझ्या दाराशी भिंतीला टेकून झोपलेली, हातात केसपेपर आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं रेशनकार्ड. मुलगा डेंग्यूने आत, प्लेटलेट उतरलेल्या. रात्री डिपॉझिटसाठी तिने कानातलं गहाण टाकलं होतं. तिची माझ्या रजिस्टरात नोंद व्हायला सात मिनिटं लागली. पावती दाखवून डिपॉझिट परत मिळवायला पाच दिवस लागले. त्या रात्री राखीव खाट रिकामी होती, हे मला रजिस्टर बघून कळलं, तिला ते कधीच कळलं नसतं.

त्या दिवसापासून मी एकच मागणी करत आले आहे, आणि सुधारणा म्हणून मला कोणी विचारलं तर हीच सांगते. हक्क रुग्णाने मागायचा, ही रीतच बदलायला हवी. प्रत्येक भरतीच्या फॉर्मवर, खोलीच्या वर्गाच्या आधी, चार प्रश्न छापलेले असावेत: रेशनकार्ड कोणतं, घरचं उत्पन्न अंदाजे किती, ईएसआयसी आहे का, विमा आहे का आणि खोलीची मर्यादा किती. उत्तरं हॉस्पिटलच्या माणसाने विचारून भरायची. डिपॉझिट मागायच्या आधी भरायची. खाली त्याची सही. उद्या कोणी 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणालं, तर तो कागद काढून बघता येईल. राखीव खाटांपैकी आत्ता किती रिकाम्या, हा आकडा इमर्जन्सीच्या दारावर पडद्यावर दिसावा, कारण खाटांची माहिती संकेतस्थळावर टाकली म्हणून रात्री दीड वाजता रिक्षातल्या माणसाच्या ती उपयोगी पडत नाही. समाजसेवकाचं टेबल चोवीस तास हवं. तीन पाळ्यांना तीन माणसं, एवढाच खर्च आहे. ज्या निधीत दोन टक्के जमतात त्या हॉस्पिटलला तो जड नाही.

विम्याच्या बाजूने एकच गोष्ट तातडीची वाटते. एक तास आणि तीन तास हा नियम चांगला आहे, पण कोणत्या हॉस्पिटलमध्ये कोणत्या कंपनीने तो किती वेळा मोडला, हे हॉस्पिटलवार लोकांसमोर यायला हवं. आणि भरतीच्या वेळी मंजुरीच्या पत्रातच 'या खोलीत अंदाजे कपात एवढी' ही ओळ यायला हवी. आकडा कंपनीच्या संगणकात असतोच. तो डिस्चार्जला दाखवण्याऐवजी भरतीला दाखवायचा.

संरक्षणाची रक्कम वाढवली की प्रश्न सुटला, असं मात्र मी मानत नाही. दीड लाखाचे ५ लाख झाले, ते हवंच होतं. पण त्याने गोवंडी-मानखुर्दमध्ये एकही खाट वाढली नाही. मुंबईची मोठी सार्वजनिक हॉस्पिटलं बघा: केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, जे. जे. भायखळ्याला. ती बांधली तेव्हा शहर तिथे होतं. आता लोक उपनगरांत राहतात, आणि पूर्व उपनगरातून सायनपर्यंत पोचायलाच जीव मेटाकुटीला येतो. कार्ड हातात देणं हे एका निर्णयाने होतं. हॉस्पिटल बांधून त्यात भूलतज्ज्ञ आणि परिचारिका कायमच्या नेमणं याला दहा वर्षं लागतात, म्हणून ते मागे पडतं. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये ठरवलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ च्या हिशेबात तो १.८४ टक्के होता. याच हिशेबात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ३९.४ टक्के दिसतो. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे, ती नाकारू नये. पण कॅशलेस मंजूर होऊनही दीड लाख भरणारे तुमच्यासारखे लोक मला दर आठवड्याला भेटतात.

पालिकेच्या हॉस्पिटलबद्दल एक सांगते, कारण तुमच्या पत्रात 'शेवटी पालिकेतच जावं लागलं' असा सूर आहे. मावशींच्या नवऱ्याचा ईसीजी तिथे दहा मिनिटांत निघाला, असं तुम्हीच लिहिलंय. गर्दी आहे, एका खाटेशेजारी जमिनीवर दुसरा रुग्ण असतो, बाहेरून औषधं आणायला चिठ्ठी मिळते, हे सगळं मी अकरा वर्षं पाहिलंय. पण पैसे किती आहेत असं इमर्जन्सीत तिथे कोणी विचारत नाही. शहरात न्याय्य उपचार हवे असतील तर त्या दालनात आणखी डॉक्टर, आणखी खाटा दिल्याशिवाय बाकी सगळं अपुरं पडेल.

पॉलिसी सोडू नका. वयाच्या ६७ व्या वर्षी नवीन घ्यायची म्हणजे प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून. हप्ता फार वाढेल ही भीती असेल तर, जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायला कंपनीला आधी प्राधिकरणाशी बोलावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे, पुढच्या हप्त्यात तो लावलेला नाही ना ते तपासा. नूतनीकरणाच्या वेळी खोलीच्या भाड्याची मर्यादा काढून हवी, असं लेखी विचारा. नाही म्हणाले तर, नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करण्याचा अर्ज करा. पोर्टमध्ये जुनी नऊ वर्षं मोजली जातात. वडील सत्तरीचे झाले की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, तुमची खासगी पॉलिसी चालू असली तरी मिळतं, आणि ५ लाखांचं वेगळं संरक्षण असतं.

मावशींसाठी या आठवड्यात तीन कामं. नवऱ्याच्या गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायचा, गरज पडेल तेव्हा नव्हे, आत्ताच. आणि रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते बघायचं. एका वेलांटीच्या फरकावरून मंजुरी अडकलेली मी पाहिली आहे. त्यांना डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली असेल, तर तारीख घेण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा. ट्रस्टच्या हॉस्पिटलविरुद्ध तक्रार करायची असेल तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात साधा अर्ज चालतो. तारीख, वेळ, काय मागितलं, कोणासमोर मागितलं एवढंच लिहायचं. पालिकेच्या केसपेपरवर आल्याची वेळ असते, तीच तुमचा पुरावा.

तुमच्या सेटलमेंट लेटरचं पहिलंच पान तुम्ही पाठवलंय. दुसऱ्या पानावर कपातीची यादी असते. ते पाठवा, कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून देते.